काचेचे मणी मॅट करायची ‘बिनखर्ची’ कृती: एकही पायरी धड नाही

हाताने बनवलेल्या काचेच्या मण्यांना घरच्या घरी दुधी, मॅट फिनिश देण्याची एक कृती सध्या फार फिरतेय. ती थोडक्यात अशी: विकतचं एचिंग क्रीम (काचेचा वरचा थर खाऊन ती दुधी करणारं) घेऊ नका. काचेच्या वाटीत व्हिनेगर आणि बेकिंग सोडा घालून मणी रात्रभर ठेवा. नाही जमलं तर टॉयलेट क्लीनर वापरा. तरीही नाही, तर गंजाचे डाग काढायचं फ्लोराइडवालं लिक्विड घ्या, ते ‘सौम्य ॲसिड’ असतं. हातमोजे घाला, हाताला लागलंच तर सोडा चोळा. मणी जितका जास्त वेळ बुडेल तितका छान.

पैसे वाचवण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण यातल्या पहिल्या दोन पायऱ्या फुकट जातात आणि तिसरी दवाखान्यात नेऊ शकते.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र आले की फेस येतो, आणि फेस दिसला की काहीतरी घडतंय असं वाटतं. घडतं एवढंच की दोघं एकमेकांना निकामी करतात. मागे उरतं सोडियम ॲसिटेट, म्हणजे एक मीठच. पाणी उडून गेलं की त्याचा पांढरा थर मण्यावर बसतो आणि फोटो नेमका तेव्हा काढला जातो. कोमट पाण्याखाली धरून सुती फडक्याने पुसा, सगळी चकाकी परत येईल. खरोखर एच झालेला मणीही ओला असताना चकचकीत दिसतो, पण वाळला की पुन्हा दुधी होतो आणि त्यावर नख किंचित अडखळतं. सोड्याने घासूनही उपयोग नाही. मोह्स मापनावर काचेचा कठीणपणा साधारण ५.५ आहे आणि सोड्याचा २.५ च्या आसपास. आणि ती वाटी? ॲसिड खरंच काच खात असेल तर मण्याआधी वाटी मॅट व्हायला हवी होती.

टॉयलेट क्लीनरचंही तेच. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आणि प्रयोगशाळेत हे ॲसिड काचेच्याच बाटलीत ठेवतात. सल्फ्युरिक आणि नायट्रिकही. मण्यात चांदीचा वर्ख किंवा धातूची नळी असेल तर ती मात्र खराब होईल. शेजारी ब्लीच असेल आणि दोन्ही मिसळली गेली, तर क्लोरीन वायू तयार होतो.

आता तिसरी पायरी. काच म्हणजे मुख्यतः सिलिका, आणि नेहमीच्या ॲसिडांपैकी सिलिकाचं जाळं मोडणारं एकच: हायड्रोफ्लोरिक. गंजाच्या फ्लोराइडवाल्या लिक्विडमधलं ‘सौम्य ॲसिड’ म्हणतात ते हेच. शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७१ मध्ये फ्लोरस्पार या फ्लोराइडच्या खनिजावर ॲसिडची प्रक्रिया केली, तेव्हा त्याचं काचेचं उपकरणच खरवडलं गेलं. हे ॲसिड पाण्यात थोडंच विघटित होतं, म्हणून पुस्तकात ते सौम्य ठरतं. पण त्यामुळेच त्याचे न फुटलेले रेणू कातडीतून सहज आत शिरतात आणि शरीरातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम बांधून टाकतात. प्रमाण जास्त झालं तर हृदयाची लय बिघडते. द्रावण २० टक्क्यांहून कमी तीव्रतेचं असेल तर वेदना सुरू व्हायला २४ तासही लागू शकतात. ‘मला तर काहीच झालं नाही’ या प्रतिक्रियेवर म्हणूनच विसंबू नये.

सोडा चोळायचा सल्ला तर उलटा अंगाशी येणारा. त्यातून बनतं सोडियम फ्लोराइड, ते पाण्यात विरघळतं आणि फ्लोराइड मोकळंच राहतं. हवं असतं कॅल्शियम. ताबडतोब भरपूर पाण्याने धुणं, २.५ टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, आणि थेट हॉस्पिटल. तिथे ‘फ्लोराइड लागलंय’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं. पातळ लॅटेक्सच्या मोज्यांवर इथे भरवसा ठेवता येत नाही.

एवढा धोका पत्करूनही मणी मॅट होईलच असं नाही. नुसतं हायड्रोफ्लोरिक काच बऱ्यापैकी सारखी विरघळवतं. सल्फ्युरिकबरोबर ते कट-ग्लासला चकाकी आणायला वापरतात! दुधीपणा येतो तो अमोनियमच्या फ्लोराइड क्षारांमुळे. प्रक्रियेत बनणारे बारीक स्फटिक काचेवर बसतात, त्यांच्याखालची काच झाकली जाते, भोवतालची झिजते, आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. विकतच्या क्रीममध्ये साधारणपणे अमोनियम बायफ्लोराइड असतं ते यासाठी. अर्थात क्रीमही त्याच घराण्यातलं आहे, ते निरुपद्रवी समजू नका.

जास्त वेळ बुडवण्याचं म्हणाल तर विकतच्या एचिंगच्या बाटलीवर लिहिलेली वेळ पाळा, पुढे फिनिश सुधारत नाही. मणी डागाळतो तो बहुतेक वेळा बोटांच्या तेलाने, भोकात उरलेल्या बीड रिलीजने (मणी सळईवरून सुटावा म्हणून सळईला लावतात तो लेप), किंवा दोन मणी चिकटून राहिल्याने. नायलॉनच्या दोऱ्यात सैल ओवून प्लास्टिकच्या डब्यात हलवत राहिलं की हे टळतं.

खरी काटकसर हवी असेल तर ॲसिड सोडाच. सिलिकॉन कार्बाइडचा वॉटर पेपर घ्या, आधी २२० नंबर, मग ४००. मणी बांबूच्या काडीवर घट्ट बसवा आणि टबात, पाण्याखाली घासा. कोरडं घासू नका, काचेची धूळ फुप्फुसात जाते. पुष्कळ मणी असतील तर दगड घासायचा टंबलर (फिरत्या डब्याचं यंत्र) आणि तीच ग्रिट, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडची पूड. फक्त मणी भट्टीत सावकाश थंड केलेले हवेत, नाहीतर तडकतील. उरलेला गाळ मोरीत ओतू नका, तुंबेल.

यात एक उणीव आहे. उठावाचे ठिपके आधी घासले जातात आणि खाचा चमकत राहतात. मला ते आवडतं. ज्यांना खाचांतही दुधीपणा हवा, त्यांनी क्रीमऐवजी बुडवायचं एचिंग सोल्यूशन घ्यावं. गोल मण्यावर ते सारखं पोचतं आणि गाळून पुन्हा त्याच्याच प्लास्टिकच्या बाटलीत भरता येतं, त्यामुळे एक बाटली पुष्कळ दिवस पुरते. काम मोकळ्या हवेत, निओप्रीनचे जाड मोजे आणि गॉगल घालून. आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी, कुलपात.