थांबण्यावर पैसे कशाला घालवायचे?

गाडी आपण घेतो ती पळवायला. थांबवायला कोणी गाडी घेतं का? शोरूममध्ये ‘देते किती’ असं विचारणारे शंभरात शंभर. ‘थांबते किती फुटांत’ असं विचारणारा अजून जन्माला यायचाय. तेव्हा मोटरसायकलच्या पुढच्या चाकाच्या ब्रेकच्या डिस्कवर मिस्त्रीनं नख फिरवलं आणि ‘साहेब, खाच पडलीये, बदलून टाका’ म्हणाला, की घाबरून जायचं नाही. आधी कंपनीच्या डिस्कची किंमत विचारायची आणि मोठ्यानं दचकायचं. सतराशे रुपये! भोकं पाडलेल्या एका ताटलीचे!

मग सरळ पुण्यातली नाना पेठ गाठायची, स्पेअर पार्टच्या दुकानांची.

तिथं दुकान निवडताना एक काळजी घ्या. बिल मागितल्यावर जो हसतो, तो आपला माणूस. माझ्यावेळी असाच एक भेटला. मी गाडीचं नाव सांगितलं तसं त्यानं माळ्यावरून पारदर्शक पिशवीतली डिस्क काढली आणि पॅन्टला पुसून माझ्या हातात दिली. खोका नाही, नाव नाही, नंबर नाही. कंपनी कुठली म्हणून विचारलं, तर म्हणाला, “कंपनीबिंपनी काय नाय साहेब, पण माल तोच. कंपनीला पण हितनंच जातो.” हा ‘माल तोच’ मंत्र नीट लक्षात ठेवा. मोठ्या कंपन्या एवढाले कारखाने उभारतात, मशिनी आणतात, तपासणीला माणसं बसवतात, आणि शेवटी या माळ्यावरूनच डिस्क घेऊन जातात, हे त्या बिचाऱ्या चारचौघांत कबूल करत नाहीत इतकंच. किंमत साडेचारशे.

तरी मनात किंतु असेल तर चुंबक लावून बघायचं. माझ्या दुकानदारानं ते स्वतःहून दाखवलं. काउंटरखालून जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं, डिस्कला टेकवलं आणि सोडलं. टप्पकन खाली. मग कंपनीची जुनी डिस्क घेतली, तिला लावलं. घट्ट चिकटलं. “बघा. ती लोखंड. ही प्युअर स्टील. पाच वर्षांत गंज चढला तर पैसे परत.”

मी तिथंच विरघळलो. आमच्या आईनं बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलेलं एकूणएक पातेलं याच परीक्षेतून पास झालेलं होतं. चुंबक चिकटलं की ती साड्या परत घडी घालून ठेवायची. आईची परीक्षा कधी चुकली नाही, मग इथं कशी चुकेल?

यावर काही खडूस लोक म्हणतात की पातेल्याचं स्टील वेगळं आणि डिस्कचं वेगळं. चांगल्या पातेल्याचं ३०४ नंबरचं असतं. त्यात निकेल असतं, म्हणून चुंबक चिकटत नाही आणि आमटी कितीही आंबट झाली तरी डाग पडत नाही. पण कोयत्याला देतात तसं त्याला पाणी द्यायला गेलं, तर ते कडक होत नाही. डिस्कला लागतं ४१० किंवा ४२० जातीचं, निकेल जवळपास नसलेलं, पाणी देऊन कडक केलेलं स्टील. आणि त्याला चुंबक चिकटतंच. शिवाय ३०४ तापलं की ४१०पेक्षा दीडपटीहून जास्त फुगतं, आणि एका जागची उष्णता दुसरीकडे पसरूही देत नाही. म्हणजे जिथं तापलं तिथंच फुगणार आणि वाकडं होणार. (चुंबक चिकटलं म्हणजे डिस्क उत्तम, असंही नव्हे. ते पत्र्याच्या डब्यालाही चिकटतं.) पण ही सगळी धातूशास्त्रातली माणसं. त्यांनी कधी बोहारणीशी घासाघीस केली असेल, असं वाटत नाही.

बिननावाच्या डिस्कचा आणखी एक मोठा फायदा कोणी सांगत नाही. कंपनीच्या डिस्कवर बारीक अक्षरांत ‘मिनिमम थिकनेस’ आणि पुढं मिलिमीटरचा आकडा कोरलेला असतो. म्हणजे नवी असताना चार मिलिमीटरची डिस्क साडेतीनला आली की फेकून द्या, असा सरळ हुकूम. आपल्या डिस्कवर असं काही नसतं. मरणाची तारीखच लिहिलेली नाही, म्हणजे अमर! पुढं केव्हातरी मिस्त्रीनं जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तेव्हा माझी कोरी डिस्क ३.६ भरली. नवीपणीच म्हातारी. पण तिला निवृत्त करायचं कुठल्या नियमानं?

आता बसवणं. चार बोल्टांपैकी तीन लागतात. चौथ्याचं भोक जरा इकडे असतं. इथं कानस कामाला येते. “लोकल पार्टला थोडं घासावं लागतंच,” असं म्हणून मिस्त्री भोक लांबट करतो. मधलं मोठं भोकही चाकाच्या मधल्या गोल भागावर, म्हणजे हबवर, किंचित सैल बसतं, म्हणजे डिस्क चाकाच्या मध्याशी आली की नाही, हे बोल्ट आवळताना नशीब ठरवतं. कंपनीचं पुस्तक म्हणतं की चाक फिरवल्यावर डिस्क बाजूला किती डुलावी याला मर्यादा आहे. बहुतेक गाड्यांत ती मिलिमीटरच्या एक ते तीन दशांशांत असते. आमच्या मिस्त्रीनं चाक फिरवलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, “पळाली की सरळ होईल.” बोल्ट जुनेच, डिस्कला दोन्हीकडून चिमटणारे पॅडही जुनेच. सतराशे वाचवायला निघालेला माणूस पॅडवर अडीचशे घालवेल काय?

दोनतीन दिवसांत डिस्क चूं चूं करायला लागेल. त्यावर आमच्या सोसायटीतल्या एकाचा उपाय असा की डिस्कवर थोडं ऑइल मारायचं. त्यानं मारलं. आवाज लगेच बंद झाला. ब्रेकही. सोसायटीच्या गेटची दुरुस्ती वर्गणीतून झाली, त्यामुळे त्याला खर्च असा आलाच नाही.

ही काटकसर आपल्या रक्तातच आहे म्हणा. जपानची यामाहा आरडी ३५० ही मोटरसायकल १९८३ साली राजदूत नावानं फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हा मूळ गाडीची पुढची डिस्क काढून तिथं जुन्या पद्धतीचा ड्रम ब्रेक बसवला होता. खर्च वाचावा म्हणून. इंजिनाचा जोर थोडा कमी केला, तरी त्या काळी आपल्या रस्त्यांवर तिच्यापुढं कोणी टिकत नव्हतं. पळायचं कसं ते तिला पक्कं ठाऊक होतं. थांबायचा विषय निघाला की जुने राजदूतवाले आजही बोलणं बदलतात.

असो. नवी वस्तू घेतली की देवाला दाखवावी, म्हणून मी बायकोला मागं बसवून जेजुरीला गेलो. दर्शन झालं, भंडाऱ्याची अर्धा किलोची पिशवी घेतली, सासवडला जेवलो आणि दिवेघाट उतरायला लागलो. उतार आहे, तर पेट्रोल कशाला जाळायचं? गाडी न्यूट्रल केली.

इथं जरा हिशेब सांगतो, तो त्या दिवशी माहीत नव्हता. गाडी दीडशे किलो, आम्ही दोघं मिळून दीडशे. हे तीनशे किलो ताशी ६०वरून उभं करायचं म्हटलं, तर साधारण एक कप चहाचं पाणी उकळेल एवढी उष्णता ब्रेकमध्ये जाते. सिग्नलला ठीक आहे, एक कप झाला, वारा लागला, निवला. घाटात मात्र दर शंभर मीटर उंची उतरताना जवळपास लिटरभर पाणी उकळायला लागेल एवढी उष्णता सुटते. त्यातली काही वारा पळवतो आणि गाडी गिअरमध्ये असेल तर बरीचशी इंजिन ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये इंजिन म्हणतं, तुमचं तुम्ही बघा. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून उरलेल्यातला मोठा वाटा पुढच्या डिस्कला. आणि माझी डिस्क म्हणजे मुळात पातेलंच. तिला वाटलं, चहाच करायचाय.

तिसऱ्या वळणावर ब्रेकचा लिव्हर बोटांखाली धडधडायला लागला. दाब, सोड, दाब, सोड; मी न सोडताच. चौथ्यावर जळका वास आला. “अहो, काहीतरी करपतंय,” बायको म्हणाली. कंपनी म्हणाली असती तर ऐकलं नसतं, पण स्वयंपाकातल्या माणसाचं नाक आहे, म्हणून मी वेग कमी करायला गेलो. लिव्हर हँडलला टेकला आणि वेग होता तेवढाच राहिला. पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांचा, सावकाश. मागचा ब्रेक दाबला तर चाक घसरायला लागलं. कसाबसा दुसरा गिअर टाकला, गाडीनं हिसका दिला आणि आम्ही डोंगराच्या बाजूला मुरमाच्या ढिगात शिरलो.

लागलं फार नाही. तिचा गुडघा सुजला, माझा कोपर खरचटला. भंडाऱ्याची पिशवी मात्र फुटली. आम्ही दोघं, गाडी, ढीग, सगळं पिवळंधमक. अंगावर एवढा भंडारा गडावरही उधळला गेला नव्हता. वरून येणाऱ्या एका जीपमधल्या पोरांनी आम्हाला पाहून हात वर केले आणि “येळकोट येळकोट” म्हणत निघून गेली. बायको उठली, पदर झटकला आणि विचारलं, “किती वाचले होते म्हणालात?”

साडेबाराशे. त्यातून आरसा, इंडिकेटर, लिव्हर, टेम्पोनं गाडी हडपसरला आणणं आणि गुडघ्याचा एक्स-रे. तो हिशेब मी एका कागदावर मांडला होता. तो कागद हल्ली सापडत नाही. मिस्त्रीनं डिस्क काढून काचेवर ठेवली तर ती बशीसारखी डुलत होती, आणि कडेला निळे-जांभळे डाग. सतराशेची डिस्क, नवे पॅड, नवे बोल्ट, नवं ब्रेक ऑइल. मी एकदाही दचकलो नाही.

जुनी डिस्क टाकायला जीव होईना, म्हणून गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली ठेवली. भोकांतून पाणी छान निथळतं. या पावसाळ्यात तिला पाच वर्षं झाली. परवा पुसून पाहिलं, गंजाचा ठिपका नाही. दुकानदार शब्दाचा पक्का निघाला.