'आर' रेटिंग म्हणजे 'पालक सोबत असतील तर चालेल' असं नाही

प्रौढांसाठीच्या चावट विनोदी सिनेमांबद्दल एक मेसेज सगळीकडे फिरतोय: "अमेरिकेत आर रेटिंग आहे, म्हणजे आईवडील शेजारी बसले की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनाही योग्य." यातलं अर्धंच खरं आहे.

तिथल्या नियमानुसार 17 वर्षांखालच्या मुलांना आर सिनेमाला पालकांसोबत किंवा मोठ्या माणसासोबत प्रवेश मिळतो. पण हा नियम फक्त दारावरच्या प्रवेशाचा. सिनेमा मुलांना योग्य आहे, असं त्यात कुणी म्हटलेलं नाही. भारतात तर 'ए' प्रमाणपत्र असेल तर 18 वर्षांखालच्यांना थिएटरात प्रवेशच नाही, मग सोबत बाबा असोत की आजोबा.

शिवाय आर हा भलताच मोठा डबा आहे. एकच विशिष्ट शिवी दोनदा आली, तरी गंभीर सिनेमाही सहसा त्यात जातो. आणि पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत अश्लील विनोदच असलेला सिनेमाही त्यातच. म्हणून अक्षरापेक्षा त्याखालची बारीक ओळ वाचा. तिथे 'भाषा' एवढंच लिहिलंय, की 'ओंगळ लैंगिक विनोद, नग्नता, अमली पदार्थ' अशी रांग आहे? (ट्रेलरवर जाऊ नका. त्यात सभ्य तेवढेच विनोद घेतलेले असू शकतात.)

माझ्या मते शिव्यांपेक्षा हसू कशावर येतं, हे जास्त महत्त्वाचं. नशेत शुद्ध हरपलेल्या मुलीची चेष्टा हाच विनोद असेल, तर पंधरा वर्षांच्या मुलाला तो मी दाखवणार नाही. आणि 'अनरेटेड' आवृत्ती असेल तर आधी स्वतः बघा. थिएटरसाठी कापलेले प्रसंग तिच्यात बऱ्याचदा परत आलेले असतात.