चाळिशीनंतरचा मेडिकल दाखला: खानापूरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. चाळिशीनंतर गाडीच्या लायसन्ससाठी लागणारा मेडिकल दाखला डॉक्टरने खरोखर तपासूनच द्यावा, असं मी लिहिलं आणि तुम्ही चांगलंच खडसावलंत. तुमचं म्हणणं असं, की बेळगावात बसून नियम सांगणं सोपं आहे. पण खानापूरच्या जंगलपट्टीत, जिथं बसची वाट बघण्यातच दिवस जातो, तिथं साठीच्या माणसाची स्कूटर काढून घेतली तर त्याने डेअरीला दूध कसं घालायचं? अपघात करतात पोरं, आणि कटकट म्हाताऱ्यांच्या गळ्यात.

पोरांबद्दल आणि बसबद्दल माझा वाद नाही. पण स्कूटर काढून घ्या असं मी म्हटलं नाही, कायदाही म्हणत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात खासगी गाडीसाठी वयाची वरची मर्यादाच नाही. पंचावन्ननंतर लायसन्स एका वेळी 5 वर्षांचं मिळतं, एवढंच. चाळिशी ओलांडली की फॉर्म 1-ए वर, म्हणजे मेडिकल दाखल्यावर, डॉक्टरची सही लागते, आणि माझी तक्रार आहे ती त्या सहीबद्दल.

अर्जदाराला मी स्वतः तपासलं, त्याच्या लांबच्या नजरेकडे खास लक्ष दिलं, असं डॉक्टर त्यावर लिहून देतात. प्रत्यक्षात एका झेरॉक्सच्या दुकानात मी ड्रॉवरमधून आधीच सही-शिक्का मारलेले कोरे फॉर्म निघताना पाहिलेत. दुकानदाराने नाव, वय आणि रक्तगट विचारला, बाकीचे रकाने स्वतःच भराभर भरले. समोर बसलेल्या माणसाच्या डाव्या डोळ्यातली मोतीबिंदूची पांढरी झाक मला टेबलाच्या अलीकडून दिसत होती.

त्याने कुणाचं काय बिघडतं, असं तुम्ही विचारलंत. काका, गळीत हंगामात रात्री आठनंतरचा आपला रस्ता आठवा. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, रिफ्लेक्टरचा पत्ता नाही. तेवढ्यात समोरून मोठ्या गाडीचा झोत येतो. मोतीबिंदूच्या डोळ्यात तो प्रकाश फुटून पसरतो आणि ट्रॉली दिसेनाशी होते. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लागलेच पाहिजेत, त्यासाठी मी भांडायला तयार आहे. पण तोवर त्या ट्रॉलीत घुसणारा माणूस आपल्याच गावचा असतो, आणि बहुतेक वेळा डेअरीवरून घरी निघालेला.

फॉर्म 1 म्हणजे आपण स्वतः द्यायची माहिती. तो मराठीत नसतो, म्हणून आपल्याकडे एजंट बोट ठेवेल तिथं सही होते. त्यात विचारतात काय? फिट येते का, कुठल्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते किंवा चक्कर येते का? दिवसाउजेडी 25 मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? लाल आणि हिरवा ओळखू येतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, हातापायांत काही दोष आहे का? चष्मा लावून वाचलेलं चालतं, कानाला मशीन लावून ऐकलेलंही चालतं. रंगांधळेपणा सौम्य किंवा मध्यम असेल तर 2020 पासून लायसन्स मिळतं. पाय अधू असेल तर त्याप्रमाणे बदल केलेल्या गाडीसाठी मिळतं. एवढं सांभाळून घेणाऱ्या नियमाला आपण का घाबरायचं?

शुगरच्या गोळ्या घेणाऱ्याला नापास करतील ही तुमची भीतीही बाजूला ठेवा. फॉर्ममध्ये मधुमेहाचं नाव नाही. मात्र शुगर उतरून चालत्या गाडीवर चक्कर आली असेल, तर ती लपवू नका. तिथं मी तुमची बाजू घेणार नाही.

शेवटी तुमचं स्वतःचं. उजव्या डोळ्यावर ‘थोडा पडदा’ आलाय आणि लायसन्स मार्चमध्ये संपतंय, असं तुम्हीच लिहिलंय. आज दुपारीच नातवाला अंगणात गाडी उभी करायला सांगा, तीस-पस्तीस पावलं मागे या, डावा डोळा झाका आणि नंबर वाचून बघा. नाही जमलं तर सरळ जिल्हा रुग्णालयात जा, सरकारी योजनेत मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट होतं. मुदत संपण्याआधी वर्षभर आणि संपल्यावर वर्षभर रिन्यूअलचा अर्ज करता येतो, पुन्हा टेस्ट द्यावी लागते ती त्यानंतर. मधल्या काळात मात्र संपलेल्या लायसन्सवर गाडी काढू नका, दूध शेजाऱ्याच्या गाडीवरून पाठवा. म्हणून आधी डोळ्याचं उरका, मग खऱ्याखुऱ्या डॉक्टरकडून दाखला घ्या. फॉर्म भरताना अडलं तर इथंच विचारा, मी एकेक रकाना मराठीत सांगेन.