२५० शास्त्रज्ञांनी इअरबड्सविरुद्ध इशारा दिलेला नाही

‘ब्लूटूथ इअरबड्समुळे मेंदूचा कॅन्सर, २५० शास्त्रज्ञांचा इशारा’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. शास्त्रज्ञांचं निवेदन खरं आहे, पण ते २०१५ चं. अ‍ॅपलचे एअरपॉड्स विक्रीला आले डिसेंबर २०१६ मध्ये! निवेदनात मोबाइल, टॉवर, वाय-फाय यांबद्दल सर्वसाधारण काळजी होती. इअरबड्सचं नावही नव्हतं.

‘इअरबड्समध्ये मायक्रोवेव्ह ओव्हनच्याच लहरी’ हे अर्धसत्य लोकांना जास्त घाबरवतं. दोन्हींच्या लहरींची वारंवारता २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असते, एवढंच. ओव्हनची शक्ती ७००-८०० वॉट, इअरबड्सची जेमतेम काही मिलिवॉट. डीएनए तोडण्याइतकी ऊर्जा या लहरींत नसतेच. उलट कानाला लावलेला मोबाइल कितीतरी जास्त शक्तीने लहरी सोडतो. काळजी करायचीच तर आवाजाची करा: तासन्‌तास मोठ्याने ऐकून गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.