घरातले प्रत्येक वाकडेतिकडे नाणे म्हणजे टांकसाळीची चूक नव्हे

गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत मराठी घरांतल्या फोनवर सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा : घरातली पोर्तुगीज काळातली आणि जुनी भारतीय नाणी बारकाईने पाहा, अक्षरे दुहेरी असतील, चित्र फिरलेले किंवा एका बाजूला सरकलेले असेल, काठ तुटलेला असेल, टांकसाळीची खूण नसेल, स्पेलिंग चुकलेले असेल किंवा नाणे चुंबकाला चिकटत असेल, तर ते दुर्मिळ ‘एरर’ नाणे आहे, परदेशी ग्राहक त्याला लाखो रुपये देतात आणि नोंदणी शुल्क भरल्यास रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने विक्री होते. हा संदेश वाचून लोक आजीच्या पेटीतली नाणी बाहेर काढतात, सोलांच्या किंवा चिंचेच्या पाण्याने घासतात आणि तारण्यासारखे जे काही असते तेही घालवून बसतात. म्हणून त्यातल्या प्रत्येक दाव्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

नाणे घडताना चूक तीनच ठिकाणी होऊ शकते : कोरी चकती कापताना, ठसा तयार करताना किंवा तो झिजताना, आणि ठसा चकतीवर आदळताना. या तिघांपैकी कोणत्या टप्प्यावर काय घडले हे सांगता येत नसेल, तर समोर दिसणारी विकृती नंतर झालेली इजा आहे असे समजणेच योग्य. यातून एक साधी कसोटी निघते. ठशाला तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो, त्यामुळे नाण्यावर उंचावलेली रेषा उमटते. खिशात, गल्ल्यात किंवा मातीत पडलेला ओरखडा मात्र खोलगट असतो. बोटाच्या नखाला आणि साध्या भिंगाला हा फरक कळतो.

दुहेरी अक्षरांचा दावा सर्वांत मोहक आहे आणि सर्वांत जास्त फसवा आहे. ठसा तयार करतानाच प्रतिमा दोनदा, किंचित सरकून उमटली असेल, तर दुसरे अक्षर पहिल्याइतकेच गोलसर आणि उठावदार असते, अक्षरांच्या टोकांना स्पष्ट दुभंग दिसतो, आणि त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तोच दुभंग त्याच जागी आढळतो. संग्राहक ज्याला मोल देतात ते हे. याउलट, आघातानंतर सैल ठसा जरासा घसरला, तर अक्षराची कड चेपली जाऊन बाजूला एक सपाट पायरी तयार होते आणि मूळ अक्षर अरुंद दिसते. असे यांत्रिक दुहेरीपण जगभरच्या टांकसाळींच्या नाण्यांवर विपुल आढळते आणि त्याला फारशी किंमत नसते. तिसरा प्रकार जुन्या ठशाचा : हजारो आघात सोसून ठसा झिजला की अक्षरे सुजल्यासारखी, खडबडीत आणि धूसर होतात. संदेशासोबत फिरणाऱ्या छायाचित्रांत मला जे दुहेरीपण दिसले ते दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचेच होते.

चित्र फिरलेले आहे की नाही हे ठरवण्याआधी मूळ मांडणी कोणती हे माहीत हवे. भारतीय प्रजासत्ताकाचे नाणे उभ्या अक्षाभोवती, पुस्तकाच्या पानासारखे उलटले तर मागची बाजू सुलटी दिसते. एस्कुदो या पोर्तुगीज चलनाचे नाणे तसेच उलटले तर ती उलटी दिसते, कारण तेथील रीतच तशी होती. 1958 साली गोव्यात रुपयाऐवजी एस्कुदो आले. त्या काळचे नाणे हाती घेऊन ‘ठसा पूर्ण फिरला’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने ही रीत तपासलेली नसते. दोन-चार अंशांचा फरक तर सामान्यच असतो.

चित्र सरकल्याच्या दाव्यात गोव्याचा इतिहासच विसरला गेला आहे. 1510 नंतर पोर्तुगीजांनी येथे नाणी पाडायला सुरुवात केली, आणि यंत्रे येण्यापूर्वीचे ते काम हातोड्याने होत असे. चकती हाताने कापलेली, ठसा हाताने धरलेला. त्यामुळे अर्धा शिक्का बाहेर जाणे, काठ ओबडधोबड असणे हे त्या नाण्यांचे नेहमीचे रूप आहे. जस्त-कथिलाच्या जातीच्या धातूची काही बझारुके, म्हणजे कमी किमतीची सुटी नाणी, तर ओतीव होती. त्यांच्या कडेला साच्याची रेषा दिसते, ती दोष नव्हे. सरकलेला शिक्का ‘चूक’ ठरतो तो कॉलरच्या, म्हणजे चकतीला घेरणाऱ्या कड्याच्या, यंत्रात पाडलेल्या नाण्यावर.

तुटलेल्या काठासाठी एक भरवशाची खूण आहे. चकती कापतानाच तुकडा गेलेला असेल, तर काठ उचलताना तेथे दाब नीट बसत नाही आणि तुटलेल्या भागाच्या बरोबर समोरचा काठही अशक्त, पसरट उमटतो. कानस किंवा कात्री वापरलेल्या नाण्यावर समोरचा काठ भक्कम राहतो आणि कापलेल्या जागी कानशीच्या समांतर रेघा दिसतात. आपल्याकडे जुन्या रुपयांना कडी लावून गळ्यात घालण्याची चाल होती. ती कडी काढल्यावर राहिलेला डाग देऊन जोडल्याचा गोळा किंवा खड्डा ही दागिन्याची निशाणी आहे. वजनही तपासावे : 1881 आणि 1882 सालचा पोर्तुगालचा राजा लुईस पहिला याचा चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाइतकाच, कारण ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यातील 1878 च्या करारानंतर ही नाणी कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली गेली. घासून किंवा आम्लात बुडवून झिजलेले नाणे येथेच उघडे पडते.

आता चुकलेल्या स्पेलिंगचा दावा. याच रुपयावर ‘INDIA PORTUGUEZA’ अशी अक्षरे रोमन लिपीत आहेत, म्हणजे ‘पोर्तुगेझा’ हा शब्द आजच्या S ऐवजी Z ने लिहिला आहे, 1911 च्या शुद्धलेखन सुधारणेपूर्वी तेच रूप प्रमाण होते. राजाचे नाव ‘लुदोविकुस’ दिसते ते लॅटिन म्हणून. यात चूक नाही.

खुणेविषयी थोडक्यात : कलकत्त्याच्या टांकसाळीची आधुनिक भारतीय नाणी खुणेविनाच निघतात, मुंबईची खूण पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका. चुंबकाविषयी त्याहूनही थोडक्यात : 1992 पासूनचा पोलादी रुपया चिकटतोच, आणि 1947 चा वाघाचा रुपया निकेलचा असल्यामुळे तोही चिकटतो, त्यावरून नाणे चुकीचे किंवा खोटे ठरत नाही.

उरला विक्रीचा दावा, आणि येथे नुकसान पैशांचे आहे. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी जाहीर केले आहे की जुन्या नोटा आणि नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही, कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. नाणे शंभर वर्षांहून जुने असेल, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे ते खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे अशा नाण्यांच्या बाबतीत ‘परदेशी ग्राहक’ ही बाबच बेकायदा आहे. खरोखर शंका येण्याजोगे नाणे सापडले, तर ते न घासता कागदाच्या पाकिटात ठेवावे, दोन्ही बाजूंची आणि काठाची छायाचित्रे घ्यावीत, सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्यावे, आणि ही माहिती घेऊन नाणी हाताळण्याचा अनुभव असलेल्या दोन वेगवेगळ्या संग्राहकांना दाखवावे.