स्टॉप लिहिलं तरी थांबत नाहीत

पेनसिल्व्हेनियात राहायचं म्हणजे निवडणूक आली की डोक्याला ताप. राष्ट्राध्यक्ष निवडणारी 19 इलेक्टोरल मतं ना आमच्या राज्याची, आणि पारडं कुठेही झुकू शकतं, मग काय, पक्ष सगळा पैसा इथेच ओततात. कॅलिफोर्नियातल्या मावसबहिणीला कुत्रंसुद्धा विचारत नाही, तिकडचा निकाल आधीच ठरलेला, आणि इथे देणगी मागणाऱ्या प्रचाराच्या मेसेजनी माझा फोन दिवसभर टुणटुण टुणटुण. "आज रात्री 12 च्या आत 5 डॉलर दिले नाहीत तर सगळं संपलं!" अरे काय संपलं? कालही हेच संपत होतं की! स्टॉप लिहून पाठवलं की तो नंबर गप्प बसतो आणि तासाभरात दुसऱ्याच नंबरवरून दुसराच कोणीतरी हजर. जाहिरातींचे फोन नकोत म्हणणाऱ्यांची सरकारी डू नॉट कॉल यादी आहे, पण तिच्यात नाव घालून उपयोग शून्य, राजकीय फोनना त्यातून सूट आहे (नियम करणारे कोण, तर हेच!).

पोस्टाच्या पेटीत ती गुळगुळीत पत्रकं वेगळीच. विरोधकाचा फोटो मुद्दाम काळपट, तोंड वेडंवाकडं, खाली लाल अक्षरात आरोप, आणि छापणारा कोण तर कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात कुठल्यातरी सुपर पॅकचं (उमेदवारापासून वेगळं राहून प्रचारावर हवा तेवढा पैसा उधळणारी संस्था) नाव. 2010 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून यांना मोकळं रानच मिळालंय. आरोग्य विम्याचा हप्ता कसा कमी करणार ते एकाही पत्रकात नाही हो!

आणि एवढा गदारोळ करून मतदान कधी, तर मंगळवारी, 1845 चा कायदा, ऑफिसला सुट्टी पण नाही. सकाळी 7 ला रांगेत उभं राहायला जावं तर बाहेर परत कोणीतरी हातात पत्रक कोंबतोच.