पेट्रोल चोरल्याच्या तक्रारीवर उत्तर

साहेब, नमस्कार.

रविवारी तुमचे फोन उचलले नाहीत आणि सोमवारी सांगितलेली गाडी मंगळवारी मिळाली. चूक आमची, माफी मागतो.

पण पेट्रोलचा काटा खाली दिसला म्हणून "टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं" असं तुम्ही चारचौघांत लिहिलंत, ते फार लागलं. वागळे इस्टेटमध्ये १९ वर्षं गॅरेज चालवतोय. महाग म्हणणारे भेटले, चोर कुणी म्हटलं नव्हतं.

गाडी शनिवारी संध्याकाळी टोचन लावून आली. टाकीतून इंजिनला पेट्रोल देणारा पंप मोठा घेऊन तुम्ही घरीच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये व्हिडिओ बघून बसवला होता. (वर माणसं राहतात हो साहेब!) मागची सीट उचलली तर डोळ्यांना झोंबेल असा वास. पंपाच्या तोंडाची रबरी रिंग जुनीच लावलेली, तीही एका बाजूला चिमटलेली. त्यात टाकी फुल. माजिवड्याचा पूल चढताना वास यायचा, असं तुम्हीच सांगितलंत. तिथेच पेट्रोल हेलकावून रिंगेपर्यंत पोचत होतं. आतली नळीही साधी होती, तीनेक बारच्या प्रेशरला ती टिकत नाही. रिंग, नळी आणि मजुरी मिळून १,८०० झाले.

भरल्या टाकीतून पंप उचलला की पेट्रोल सांडतं, म्हणून ९ लिटर कॅनमध्ये काढलं. तेच ९ लिटर परत ओतलं. ओतताना तुमचे मेव्हणे शेजारी उभे होते, त्यांना विचारा. एक रात्र गाडी ठेवली ती गळती बघायला.

मग काटा खाली का? टाकीतल्या पंपाला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा असतो, त्याच्या दांड्यावर काटा चालतो. पंप आत घालताना तुमच्याकडून दांडा वाकलाय. फोटो पाठवून विचारलं होतं, नवा घालू का? तुमचं उत्तर माझ्या फोनमध्ये आहे: "राहू द्या, बिल आधीच वाढलंय." आणि मोठ्या पंपाने पिकअप वाढला नाही ही तक्रारही आमच्याच नावावर! कंपनीच्या इंजिनला लागतं तेवढंच पेट्रोल ते घेतं, उरलेलं प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटर परत टाकीत सोडतो.

यापुढे पेट्रोल काढलं तर लिटर लिहून सही घेऊ. फोनचंही बघतो काहीतरी.

तुम्ही काट्यावर जाऊ नका. पेट्रोल पंपावर टाकी फुल करून बघा. काटा दाखवतो तेवढी जागा खरंच निघाली, तर ९ लिटरचे पैसे घरी आणून देतो. नाही निघाली, तर तेवढी एक ओळ तरी काढून टाका.